जावई या शब्दाचं इंग्रजी

"आपण सगळे स्वतःच्या मेहनतीवर इथे आलोय. या मंडळात कोणी सरकारचे जावई नाहीत. आणि असलेच, तर त्यांनी आपल्या जयंत्या आपल्या घरी कराव्यात."

गौरी स्टेजवरून असं म्हणाली आणि हॉल हसला. टाळ्या पडल्या. मागे कोणीतरी शिट्टी मारली. जे हसले नाहीत ते मान खाली घालून मोबाइल बघू लागले. म्हणजे त्यांनाही कळलं होतं.

मग गौरी थांबली आणि माझ्याकडे बघू लागली.

आता माझी पाळी होती. स्टेजच्या कोपऱ्यात दुसरा माइक घेऊन मी उभी होते. आमच्या मंडळात भाषण मराठीत होतं आणि दर चार वाक्यांनी त्याचं इंग्रजी होतं. इथे वाढलेल्या मुलांसाठी, घरात आलेल्या गोऱ्या सुना-जावयांसाठी, आणि त्या दिवशी हेलनसाठी. हेलन आमच्या भागाची कौन्सिलर, म्हणजे नगरसेविका. पाहुणी म्हणून पहिल्या रांगेत बसली होती. सगळे हसतायत म्हणून तीही हसत होती, आणि विनोद काय झाला ते मी सांगेन म्हणून माझ्याकडे बघत होती.

विनोद माझ्यावर झाला होता.

हा शब्द ज्यांच्या कानावर आला नसेल त्यांना सांगते. सरकारचे जावई म्हणजे आम्ही. राखीव जागांवर शिकलेले, नोकरीला लागलेले. जावयाला सासरी पाटावर बसवून खाऊ घालतात, तसं सरकार यांना खाऊ घालतं, असा तो टोमणा. त्यात जातीचं नाव घ्यावं लागत नाही. कोणी हटकलंच तर मी कुठे कोणाला काय म्हटलं, असं म्हणून हात झटकता येतात. आणि ज्याला लागायला पाहिजे त्याला बरोबर लागतं.

मी नागपूरची. बौद्ध. बाबा विजेच्या खांबावर चढून तारा जोडायचे. त्यांची मुलगी इंजिनिअरिंगला गेली, हॉस्टेलला राहिली. पहिल्याच आठवड्यात मेसमध्ये मी ताट घेऊन उभी होते, तेव्हा मागून एक मुलगी वाढणाऱ्या बाईला म्हणाली, "मावशी, आधी जावयांना वाढा हं."

मला वाटलं, माझ्या ताईचं चाललंय. ताईचं लग्न नुकतंच झालं होतं, मी खोलीत सगळ्यांना फोटो दाखवले होते. मी खुशीत मागे वळून म्हणाले, "हो ना, भाऊजी आलेत सध्या घरी. आईची नुसती धावपळ चालू आहे."

काय हसल्या त्या मुली! एकीला तर ठसका लागला. मीही त्यांच्याबरोबर हसले. भाऊजींचं कौतुक होतंय असं मला वाटलं होतं. त्या शब्दाचा अर्थ मला दोन दिवसांनी आमच्यातल्याच एका सीनियर मुलीने सांगितला, आणि मग मी त्या मेसमध्ये चार वर्षं मान वर करून जेवले नाही. आई विचारायची, जेवण बरं असतं का गं. मी म्हणायची, बरं असतं.

एवढी जुनी माझी आणि या शब्दाची ओळख. तो इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सच्या एका कम्युनिटी हॉलमध्ये, माझ्या जिवाभावाच्या मैत्रिणीच्या तोंडून भेटेल असं वाटलं नव्हतं. त्याचं इंग्रजी मलाच करावं लागेल, हे तर अजिबातच नाही.

गौरी पुण्याची. तिची मुलगी आणि माझी तन्वी एका वर्गात. शाळेच्या फाटकाशी ओळख झाली, मग एकमेकींच्या घरच्या चाव्या एकमेकींकडे आल्या. मी जात कधी लपवली नाही. पहिल्या दिवाळीला तिने विचारलं, "तुमच्याकडे लक्ष्मीपूजन किती वाजता असतं?" मी म्हटलं, "आमच्याकडे नसतं. आम्ही बौद्ध." ती म्हणाली, "ओके, कूल. मग फराळाला इकडेच ये." विषय तिथेच संपला. मला फार बरं वाटलं होतं. इतक्या सहज तो विषय याआधी कोणी संपवला नव्हता.

मग या वर्षी कौन्सिलची निवडणूक आली. आमच्या रस्त्यावर पत्रकं पडू लागली. 'आधी आपली माणसं.' त्यातली आपली माणसं म्हणजे आम्ही नव्हे, हे कळायला फार इंग्रजी लागत नव्हतं. एका शनिवारी मी गौरीकडे होते. बेल वाजली. दारात कोटाला रोझेट, पक्षाच्या रंगाचं फितीचं फूल, लावलेला माणूस. मत मागायला आलेला. आम्हा दोघींकडे बघितल्यावर त्याने हातातलं पत्रक परत पिशवीत घातलं. गौरी म्हणाली, आम्हालाही मत आहे, द्या की. तर तो हसून म्हणाला, "नो ऑफेन्स, लव्ह. यू लॉट गेट एव्हरीथिंग फॉर फ्री ॲज इट इज." तुम्हा लोकांना तसंही सगळं फुकटच मिळतं की. एवढं बोलून तो शेजारच्या दाराकडे गेला. शांतपणे, शिट्टी वाजवत.

गौरी आत आली आणि किचनच्या खुर्चीत बसून ढसाढसा रडली. "मी आयुष्यात कोणाचं फुकट खाल्लं नाही गं. मेरिटवर ॲडमिशन, मेरिटवर जॉब, इतका टॅक्स भरतो आपण. आणि तो मला फुकट म्हणतो? मला?"

मी चहा टाकला. ती चाळिशीत पहिल्यांदा ऐकत होती, मी लहानपणापासून ऐकत आले होते. एवढाच काय तो फरक होता. त्या दिवशी मी तिला मेसची गोष्ट सांगितली. नवऱ्यालासुद्धा मी ती धड सांगितली नव्हती. गौरीने माझा हात घट्ट धरला. म्हणाली, "आज मला कळलं. शपथ. आजपर्यंत वाटायचं की तुम्ही लोक जरा जास्तच मनाला लावून घेता. पण आज कळलं, कसं वाटतं ते."

'तुम्ही लोक' मला ऐकू आलं होतं. पण रडणाऱ्या माणसाचे शब्द कोण धरतं? आणि शपथ तिने घेतली होती, मी मागितली नव्हती. मी तिच्यावर विश्वास ठेवला. पूर्ण ठेवला.

त्याच आठवड्यात तिने मंडळाच्या अध्यक्षपदाला उभं राहायचं ठरवलं. आमचं मंडळ लहान, दोन-चार वस्त्यांतल्या घरांचं. मोठ्या मंडळांशी त्याचा काही संबंध नाही. पण कौन्सिलने वंशभेदाविरुद्ध एक फोरम काढायचं ठरवलं होतं आणि त्यात आमच्या मंडळाच्या अध्यक्षाला जागा मिळणार होती. गौरी म्हणाली, "त्या रोझेटवाल्याला उत्तर द्यायला तिथे आपल्यातलं कोणीतरी नको का?" मला पटलं. तिची घोषणा मी लिहिली. 'सगळे आपलेच.' दोन शब्द. तिला इतके आवडले की तिने मला मिठी मारली.

मी तिच्यासाठी फिरले. ऑफिस सुटलं की गाडी काढायची, एका राउंडअबाउटच्या गोल चौकातून दुसऱ्यात, या वस्तीतून त्या वस्तीत. लोकांच्या दारात उभं राहून सांगायचं, गौरीला मत द्या, तिला आपल्या सगळ्यांचं दुःख कळतं.

तिच्याविरुद्ध मनोज उभा होता. अकोल्याचा, हॉस्पिटलात नर्स. माझ्यापेक्षा लहान, पण आम्ही एकमेकांना दादा-ताईच म्हणतो. त्याचं म्हणणं एकच होतं. मंडळात पाडवा होतो, गणपती होतो, चौदा एप्रिलची जयंती का होत नाही? एक दिवस हॉल घ्यायचा, सगळ्यांनी यायचं. बस, एवढंच.

मी गौरीसाठी फिरते हे कळल्यावर तो मला सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये भेटला. "ताई, तुम्ही काहून त्यांच्यासाठी फिरता?"

"तिला कळतं दादा. तिने स्वतः सोसलंय."

"कळते ना. सोयीचं असलं की बरोबर कळते त्यांना."

मला राग आला त्याचा. माणूस किती कडवट असावा, असं वाटलं. मी ट्रॉली ढकलत निघून आले.

पण प्रचार पुढे सरकला तसा गौरीचा सूर बदलत गेला. नर्सिंगच्या, केअर होमच्या नोकऱ्यांवर नव्याने आलेली बरीच कुटुंबं मनोजच्या बाजूने होती. मग मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिचे मेसेज येऊ लागले. मंडळाचं वातावरण बिघडतंय. नवीन आलेल्यांनी आधी इथल्या पद्धती शिकाव्यात. आपण हे मंडळ उभं केलं, ते हातचं जाऊ द्यायचं का? मी ते वाचायची आणि मला त्या पिशवीत परत गेलेल्या पत्रकाची आठवण यायची. जवळपास तीच भाषा होती. फक्त मराठीत होती आणि शेवटी हात जोडलेले होते.

मी गौरीला सरळ विचारलं. ती म्हणाली, "अगं इलेक्शन आहे. काकांच्या ग्रुपची मतं हवीत, तर थोडं बोलावं लागतं. स्टेजवर मी असलं काही बोलणार नाही. प्रॉमिस."

काका म्हणजे मावळते अध्यक्ष. सगळे त्यांना काकाच म्हणतात. त्यांचं एक लाडकं वाक्य आहे, मंडळात जात आणू नका. जयंतीचा विषय निघाला की ते हे वाक्य म्हणतात. मंगळागौरीला कोणाकोणाला बोलवायचं ते ठरतं तेव्हा म्हणत नाहीत.

तर अशी मी उमेदवारांच्या भाषणांच्या त्या दुपारी स्टेजच्या कोपऱ्यात उभी होते. हातात माइक. समोर हसणारा हॉल. आणि गौरी माझ्याकडे बघत होती, कारण तिला पुढचं बोलायचं होतं.

तिच्या नजरेत मला भीती दिसली नाही, शरमही दिसली नाही. तिला भरवसा होता. उरकून टाक गं, अशी तिने बोटांनी खूणही केली. मी सांभाळून घेणार हे तिने गृहीत धरलं होतं, आणि त्याचा मला त्या वाक्याहून जास्त संताप आला. आजवर मी सांभाळूनच घेत आले होते. काकांचे बायकांवरचे जोक, कोणाचं तरी काळ्या लोकांबद्दलचं बोलणं, सगळं मी इंग्रजीत नेताना धुऊन न्यायची. पाहुण्यांसमोर आपली लाज नको, म्हणून. आतासुद्धा सोपं होतं. नो सन्स-इन-लॉ हिअर, एव्हरीवन वर्क्स हार्ड! हेलन हसली असती. गौरी पुढे गेली असती. माझं काय झालं ते कोणाला कळलंही नसतं.

तेवढ्यात मला तन्वी दिसली. स्टेजसमोर मुलं सतरंजीवर बसली होती. तिला शब्द कळला नव्हता. पण सगळे हसत होते, म्हणून माझी दहा वर्षांची मुलगी तोंडावर हात ठेवून खिदळत होती.

मी माइक तोंडाजवळ घेतला. इंग्रजीत मी जे बोलले ते असं:

"गौरी म्हणतात की या मंडळात सरकारचे जावई नाहीत. ही मराठीतली जातीवरून दिलेली शिवी आहे. ज्यांना आमच्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या अस्पृश्य म्हणून बाहेर ठेवलं, त्यांची मुलं राखीव जागांवर शिकली की त्यांना असं म्हणतात. अर्थ असा की हे फुकटे आहेत. गौरी म्हणतात की अशा लोकांनी आपली जयंती या हॉलमध्ये करू नये. आत्ता सगळे हसले ते याला हसले. मी त्या लोकांपैकी आहे."

मराठीत जे वाक्य हसण्यावारी गेलं होतं, ते इंग्रजीत आलं आणि कोणालाच हसता येईना. अर्थ तोच होता, मी पदरचं एवढंच घातलं होतं की मी कोण आहे. कोणाचा तरी गोरा जावई, खराखुरा जावई, हळूच "जीझस" म्हणाला आणि त्याच्या बायकोने त्याचा हात दाबला. हेलनच्या चेहऱ्यावरचं हसू कुठे ठेवावं ते तिला कळेना.

गौरी तिच्या माइकवर म्हणाली, "अगं काय हे? मी असं म्हटलंच नाहीये!"

माझं काम भाषांतराचं होतं. मी त्याचंही इंग्रजी केलं. "शी सेज शी नेव्हर सेड इट."

काका लगबगीने स्टेजवर आले, माझ्याकडे हात पुढे करून. "अहो, तो माइक द्या इकडे. घरातलं घरात ठेवायचं असतं."

मी त्याचंही इंग्रजी केलं. मग कोणीतरी माझा माइक बंद केला.

मी खाली उतरले, तन्वीचा हात धरला आणि बाहेर आले. मागून कोणी आलं नाही. मनोजसुद्धा नाही. तो उमेदवारांच्या टेबलाशी ताठ उभा राहून काहीतरी बोलत होता, पण तिथला माइकही बंद केला होता.

गाडीत तन्वीने पट्टा लावला. मग म्हणाली, "मम्मी, आपण ती लोक आहे?"

"हो."

"गौरी मावशीला माहीत होता?"

"हो, माहीत होतं."

ती रडायला लागली. "पण मी पण हसला, मम्मी. आय डिडन्ट नो. मी पण हसला."

राउंडअबाउटवर माझा फाटा कधी गेला ते मला कळलं नाही. पुढे कुठेतरी गाडी बाजूला लावली आणि मी तिला सगळं सांगितलं. आजोबा खांबावर चढायचे इथपासून. इतके दिवस मला वाटत होतं, ही पोर इथे जन्मली, हिला हे सांगायची गरज पडणार नाही. ती गरज पडली, आणि ती माझ्या मैत्रिणीने पाडली.

पुढच्या रविवारी मतदान झालं. गौरी निवडून आली. त्यात मला नवल वाटलं नाही. ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यांनीच मतं द्यायची होती.

नवल वाटलं ते त्यानंतर. एका संध्याकाळी गौरी आणि काका माझ्या घरी आले. गौरीच्या हातात डबा होता, माझ्या आवडीच्या सुरळीच्या वड्यांचा. डोळे सुजलेले. क्षणभर, खरं सांगते, मला वाटलं ती माफी मागायला आली आहे. मी दार पूर्ण उघडलं. तिने माफी मागितली असती तर मी दिली असती, इतकी ती मला प्रिय होती.

ती म्हणाली, "हेलनने फोरमची सीट होल्डवर ठेवलीय. एक्स्प्लनेशन मागितलंय."

मी दोघांना आत बसवलं.

"तू फक्त तिला एक मेल टाक ना. जावई म्हणजे सन-इन-लॉ, आपल्याकडे जावयाचे लाड करतात, धोंड्याच्या महिन्यात त्याला वाण देतात, असं सगळं. की ते जस्ट गमतीत होतं आणि भाषांतरात जरा कॉन्टेक्स्ट चुकला."

"कोणाकडून चुकला?"

गौरीने काकांकडे बघितलं. काकांनी घसा साफ केला. "हे बघा, तुमचं इंग्रजी उत्तमच आहे. पण मराठीच्या छटा असतात. तुम्ही पडलात तिकडच्या, विदर्भातल्या. आपल्याकडे हा शब्द किती सहज वापरतात याची तुम्हाला कदाचित कल्पना नसेल."

माझ्याच शिवीचा अर्थ मला कळला नाही, असं ते म्हणत होते. माझ्या सोफ्यावर बसून.

गौरी माझ्याजवळ सरकली. "तुला म्हटलंच नव्हतं गं मी. तू वेगळी आहेस. तू कधी तशी वाटलीच नाहीस मला."

"आणि मी मेसचं सांगितलं होतं, त्याचं काय?"

"तेव्हा मला खरंच वाईट वाटलं होतं."

"तोच शब्द होता, गौरी. तुला दुसरा सापडला नाही?"

ती रडू लागली. रडतच म्हणाली, "स्टेजवर जोशात निघून गेला. पण तू विचार कर ना. फोरमवर आपल्यातलं कोणी नसेल तर नुकसान कोणाचं? त्या माणसाला उत्तर कोण देणार? रेसिझम हा खरा प्रश्न आहे. हे बाकीचं आपण आपसांत बघू की."

मी खोटं सांगणार नाही. हे ऐकून मी आतून हलले. कारण तो माणूस खरा होता. उद्या तो माझ्याही दारात येणार होता, तन्वीच्या बसस्टॉपवर उभा असणार होता, आणि त्याला गौरी आणि मी सारख्याच दिसणार होतो. मी एक मेल टाकला असता तर फोरमवर आमच्या रंगाचं एक माणूस बसलं असतं. ते माणूस गोऱ्यांना म्हणालं असतं, आम्हाला माणूस म्हणून वागवा. आणि घरी येऊन आम्हाला सांगितलं असतं, जयंती घरी करा.

आम्ही तिच्या दुःखाला आमचं म्हणायचं. आमचं दुःख मात्र 'बाकीचं'.

मी डबा उचलून तिच्या हातात दिला. म्हणाले, "भाषांतर बरोबर आहे. बदलायचं असेल तर तुझं मूळ वाक्य बदल. सगळ्यांसमोर, त्याच माइकवर. मी तेही इंग्रजीत करीन, एक शब्द इकडचा तिकडे न करता."

काका उठले. "तुम्ही उगाच ताणताय. एवढं सगळं मिळालंय तुम्हाला, तरी मनातली अढी जात नाही." जाताना त्यांनी दार हळूच ओढून घेतलं, सुसंस्कृत माणसासारखं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. मैत्रीण गेल्याचं दुःख होतं, ते मी नाकारत नाही. नवरा गेला तर लोक विचारपूस करायला येतात. मैत्रीण गेली तर बाईने कोणापुढे रडायचं? मी भांडी घासत रडले.

सकाळी मी हेलनला लिहिलं की मी केलेलं भाषांतर अचूक होतं आणि मी त्यावर ठाम आहे. हेलनचा फोन आला. म्हणाली, "आय हॅड नो आयडिया यू हॅड धिस अमंग युअरसेल्व्ह्ज." तुमच्यातही असं असतं हे मला ठाऊकच नव्हतं. तिच्या आवाजात दया होती आणि, माझी चूक होत असेल तर असो, जराशी सुटकाही होती. मी तिला म्हटलं, आमच्यात आहे म्हणून तुमच्यातलं कमी होत नाही. तुमच्या रस्त्यावरची पत्रकं अजून पडतायत, त्यावरही एक्स्प्लनेशन मागा.

मला ग्रुपवरून काढलं. गणपतीच्या कार्यक्रमातला तन्वीचा नाच वेळेअभावी रद्द झाला. शाळेच्या फाटकाशी गौरी मला बघून फोन कानाला लावते. एक बाई मला समजावत म्हणाली, "तुम्ही आधी किती छान मिसळायच्या सगळ्यांत." मिसळायची खरी. दिसणार नाही इतकी मिसळायची.

मनोज घरी आला. या वेळी मी त्याच्यापुढे मान वर करून बसू शकले नाही. तोच म्हणाला, "जाऊ द्या ताई. आपण आपलं वेगळं मंडळ काढू. आपली माणसं आहेत तितकी."

मी नाही म्हटलं. माझ्या आजीला गावाबाहेर ठेवलं होतं. मी नऊ तासांचं विमान पकडून इतक्या लांब आले आणि इथेही आपण होऊन गावाबाहेर जाऊन बसू? त्यांना तेच हवं आहे. मंडळ महाराष्ट्राचं म्हणवतं. मग ते माझंही आहे. मी तिथून उठणार नाही.

पुढच्या निवडणुकीत अध्यक्षपदाला मी उभी राहणार आहे. मनोज माझा सूचक आहे, आणि अनुमोदक मला अजून मिळालेला नाही. मिळेल. या वेळी दुसऱ्या कोणासाठी नाही, मी माझ्यासाठी दारोदार जाणार आहे. गौरीच्या दारातही. बेल वाजवून आधी माझी जात सांगेन, मग जयंती हॉलमध्ये होणार हे सांगेन, मग मत मागेन. बहुतेक हरेन. हरायची मला आता लाज वाटत नाही. पण मला मत का देत नाही, हे त्यांना माझ्या तोंडावर सांगावं लागेल, आणि ते सांगेपर्यंत मी दारातून हलणार नाही.